घरी पहिल्यांदाच साड्यांचा सेल ठेवतेय, आलेल्या बायकांना गुंतवून कसं ठेवायचं?

अबोली७९

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझी मावसबहीण येवल्याला दिलीय. तिच्या सासरच्या ओळखीतून सेमी (म्हणजे यंत्रमागावरच्या) पैठण्या आणि तीन खऱ्या हातमागाच्या पैठण्या जांगडवर मिळाल्यात, म्हणजे विकल्या तर पैसे द्यायचे नाहीतर माल परत. शिवाय मी स्वतःचे पैसे घालून माहेश्वरी, इरकल आणि खणाच्या साड्या आणल्यात. सगळे मिळून पन्नासेक नग होतील, सध्या बेडरूममध्ये दिवाणावर ढीग आहे आणि लेक रोज विचारते की मी झोपू कुठे. गौरी-गणपतीच्या आधी खपायला हव्यात म्हणून येत्या शनिवारी दुपारी घरीच सेल ठेवलाय. डोंबिवली पूर्व, टू बीएचके, हॉल म्हणजे सोफा टाकल्यावर उरतो तेवढाच. सोसायटीतल्या, योगा क्लासमधल्या, लेकीच्या शाळेतल्या आया आणि माझ्या जुन्या ऑफिसच्या मैत्रिणी अशा पंचवीस-तीस जणी येतील असं वाटतंय.

आता प्रॉब्लेम असा की साड्यांबद्दल मला बऱ्यापैकी माहिती आहे पण माझा स्वभाव बडबडा नाही. मला सारखं डोळ्यासमोर येतंय की सगळ्या जणी सोफ्याच्या कडेला टेकून बसल्यात, सोसायटीवाल्या एका बाजूला ऑफिसवाल्या दुसऱ्या बाजूला, कोणी कोणाशी बोलत नाहीये, मी एक साडी उलगडून दाखवतेय, सगळ्या म्हणतायत "छान आहे हं", मग चहा, मग मोबाईल बघणं, मग "चला गं, कुकर लावायचाय" आणि हॉल रिकामा. सासूबाई म्हणतात हळदीकुंकू ठेव, त्या निमित्ताने बायका येतात. नवरा म्हणतो हाऊझी ठेव, बक्षिसं लाव. नणंद म्हणते मागे गाणी लाव आणि रिलसाठी एक कोपरा सजव. मला यातलं काहीच धड पटत नाहीये आणि दुसरं काही सुचतही नाहीये.

खेळ ठेवायचे का? खायला कधी द्यायचं, आधी की नंतर? सगळ्यांना एकाच वेळेला बोलवायचं की वेळ वाटून द्यायची? आणि ज्यांच्याबरोबर लहान मुलं येणार त्यांचं काय करायचं? ज्यांनी घरून काही विकलंय त्यांनी प्लीज सांगा.

घडीमोड

अबोली, अभिनंदन, आणि पहिलं काम म्हणजे तो हाऊझी रद्द कर.

मी नाशिकला घरूनच साड्या विकते. आता बरंचसं पक्क्या गिऱ्हाइकांवर चालतं पण सुरुवात अशीच हॉलमधून झाली. हाऊझीत प्रत्येकीची मान तिकिटात जाते, आणि तुला तर त्यांच्या नजरा आणि मुख्य म्हणजे हात साडीवर हवेत. बाईच्या हातात साडी दिली की तिला वेगळं गुंतवावं लागत नाही गं. ती आपोआप पदर शोधते, काठ अंगठ्याने चोळून बघते, शेजारणीला म्हणते ही बघ, शेजारीण म्हणते अय्या माझ्याकडे याच रंगात आहे पण काठ वेगळा, आणि त्या दोघी एकमेकींना ओळखत नसल्या तरी आता बोलायला लागलेल्या असतात. म्हणून कुठला खेळ घेऊ याचा विचार करू नको, कोणाचेही हात फार वेळ रिकामे राहणार नाहीत एवढं बघ.

सोफा शक्य असेल तर त्या दिवशी शेजारी हलव, नाहीतर निदान भिंतीला लाव. खाली सतरंजी, त्यावर पांढरी स्वच्छ चादर, साडीच्या दुकानात गादी असते तशी. गुडघेदुखीवाल्या काकूंसाठी चार खुर्च्या कडेने. खाली बसलेल्या बायका पाच मिनिटांत एकमेकींचं माहेर विचारतात, सोफ्यावरच्या तासभर अवघडून बसतात. का ते मला विचारू नको, पण असंच होतं.

आणि सगळा माल एकदम मांडू नको हां. पन्नास साड्या समोर आल्या की डोकं चालेनासं होतं आणि "बघते, सांगते नंतर" सुरू होतं. आधी खणाच्या काढ. किंमत आवाक्यात, रंग ठसठशीत, कोणी हात लावायला बिचकत नाही. मग इरकल, मग माहेश्वरी. पैठण्या आतल्या खोलीतच राहू देत. कोणीतरी स्वतःहून म्हणेलच, पैठण्या कुठायत गं, त्या दाखव ना.

तेव्हा खेळ घ्यायचाच असेल तर हा एकच घे. एक सेमी आणि एक हातमागाची, दोन्हींचा फक्त पदर समोर येईल अशा घड्या ठेव आणि विचार, यातली खरी कोणती? उत्तर लगेच सांगू नको, भांडू दे त्यांना. कोणी वजनावरून सांगेल, कोणी चमक बघून, एक काकू हमखास वास घेऊन सांगतील. मग दोन्ही पदर उलटे कर. हातमागाच्या पदरात मोराचा एकेक रंग वेगवेगळ्या छोट्या कांड्यांनी हाताने भरलेला असतो, त्यामुळे मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या मागे धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत मोकळे गेलेले असतात नाहीतर कातरलेले असतात, बांगडी अडकते त्यात. हे प्रत्येकीला बोट फिरवून बघायला दे. एरवी पाच आकडी किंमत ऐकून बाई मागे सरकते, इथे तीच दुसरीला समजावते की अगं विणायला महिने लागतात. कोणी ती साडी घेतली नाही तरी सेमी घेणारी खुशीत घेते कारण आपण नक्की काय घेतोय ते तिला कळलेलं असतं. चिठ्ठीवर "सेमी" असं स्वच्छ लिही, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कोणीतरी सिल्क मार्क विचारेल, तयारीत राहा. सिल्क मार्क म्हणजे रेशीम अस्सल आहे एवढंच, साडी हातमागावरची की यंत्रमागावरची ते त्यावरून ठरत नाही, हातमागासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा असतो. बऱ्याच जणींचा यात गोंधळ असतो आणि विकणारीला माहीत नसलं की तिथेच विश्वास उडतो.

आधी_सांगा_ना

मी विकणारी नाही, पाहुणी म्हणून लिहिते. सासूबाईंची हळदीकुंकवाची आयडिया कृपया बाजूला ठेव.

आमच्या जुन्या सोसायटीत एकीने संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणून बोलावलं, आम्ही नटूनथटून गेलो, तिळगूळ हातात पडायच्या आधी एक माणूस बॅग उघडून पाणी शुद्ध करायच्या मशीनचा डेमो द्यायला उभा. दार लावलेलं, मध्ये उठता येईना, वाण हवं असेल तर फॉर्म भरा. त्यानंतर तिच्याकडे सत्यनारायणाला जायलासुद्धा बायका घाबरायच्या. हसू नका, खरं आहे.

विकायचंय ना, मग सरळ सांग की विकायचंय. मेसेज असा काहीतरी टाक:

"शनिवारी दुपारी ४ ते ७ माझ्याकडे साड्या बघायला या. खण, इरकल, माहेश्वरी, पैठणी आहेत. सुरुवात अमुक रुपयांपासून. घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, चहा मात्र घ्यायलाच पाहिजे. यूपीआय चालेल. मैत्रिणीला आणलंत तर आनंदच."

सुरुवातीची किंमत नक्की लिही. पाहुणी अवघडते ना ती किंमत माहीत नसल्यामुळेच. मला आवडली आणि बारा हजारांची निघाली तर सगळ्यांसमोर ठेवून कशी देऊ, म्हणून ती हातच लावत नाही. प्रत्येक साडीला किमतीची चिठ्ठी असली की हा प्रश्नच मिटतो.

आणि निघणारीला निघू दे. "अगं थांब ना, अजून पैठण्या दाखवायच्यात" असं दारात अडवून म्हणायचं नाही. जी आज मोकळेपणाने रिकाम्या हाताने गेली ती पुढच्या वेळी येते.

डबेवाली_मावशी

घडीमोडशी बरीचशी सहमत, पण खेळांवर एवढा राग नको ग बाई 😀

मी टपरवेअरची माणूस. भारतात ते १९९६ साली आलं आणि त्यानंतर थोड्याच काळात मी पुण्यात पार्ट्या घ्यायला लागले. तेव्हा घरात परक्या बायका बोलावून डबे दाखवायचे हे आमच्या आळीत कोणाला झेपत नव्हतं. पण ते तंत्र फार जुनं आणि फार विचार करून बसवलेलं आहे. अमेरिकेत ब्राउनी वाइज नावाच्या बाईने ते उभं केलं. दुकानात ते डबे पडून राहायचे, कारण झाकण कसं दाबून हवा काढायची ते कोणी दाखवल्याशिवाय कळायचंच नाही. ही बाई बैठकीच्या खोलीत पातळ पदार्थाने भरलेलं भांडं झाकण लावून चक्क फेकायची, लोकांच्या अंगावरून! एक थेंब सांडायचा नाही. १९५१ मध्ये कंपनीने दुकानातली विक्री बंद करून सगळा कारभार घरच्या पार्ट्यांवर नेला आणि तो विभाग हिच्या हातात दिला. १९५४ ला बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली बाई. आणि १९५८ मध्ये मालकाने तिला काढून टाकलं, तो वेगळाच विषय, त्यावर बोलायला लागले तर धागा भरकटेल.

सांगायचा मुद्दा, फेकलेलं भांडं हा खेळ नव्हता, तोच माल होता. तुझा उलटा केलेला पदर म्हणजे तुझं फेकलेलं भांडं. एवढं घडीमोडचं शंभर टक्के बरोबर.

पण दोन गोष्टी ती म्हणाली नाही. एक, आमच्याकडे घरची यजमानीण वेगळी आणि दाखवणारी वेगळी असायची. यजमानीण दार उघडते, या बसा करते, पाणी देते, ओळखी करून देते, आणि दाखवणारी फक्त वस्तूबद्दल बोलते. तू एकटी दोन्ही करायला जाशील तर नेमका पैठणीचा पदर उलटा करताना बेल वाजेल. तुला बोलायला अवघड जातं म्हणतेस ना, मग दाराशी नणंदेला उभी कर, तिला रिलची हौस आहे म्हणजे ती बोलकी असणार. तू गादीवर बस आणि साड्यांचंच बोल, ते तुला येतंय.

दुसरं, तुझ्याकडे चार वेगवेगळ्या गोतावळ्यातल्या बायका येणार. त्यांची गाठ बांधायला सुरुवातीला दहा मिनिटांचं काहीतरी लागतंच. मी एकदम सोपं करायचे. प्रत्येकीने नाव सांगायचं आणि आपल्या कपाटातली सगळ्यात जुनी साडी कोणती आणि कोणाची ते एका वाक्यात सांगायचं. आजीची इरकल, लग्नातला शालू, आईची नऊवारी फाडून शिवलेली गोधडी. रडू येतं कधी कधी कोणाला, हसूही येतं. डब्यांच्या पार्टीत मी हेच "स्वयंपाकघरातला सगळ्यात जुना डबा" असं विचारायचे आणि पितळेच्या डब्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता प्लॅस्टिकचे डबे विकायचे, बघा म्हणजे 😀

उखाण्याच्या फंदात पडू नको. लेकीच्या वर्गातल्या आया तिशीतल्या असतील, त्यांना धड येत नाहीत आणि मग त्या चोरट्यासारख्या बसतात.

अजून एक, शेवटी विचार, पुढच्या वेळी कोणाच्या घरी ठेवूया? जी हो म्हणेल तिला एक खणाचा ब्लाउजपीस भेट. आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालायचा. यात साखळी बिखळी, मेंबर करा कमिशन घ्या असलं काही आणू नको मात्र, असल्या पिरॅमिड स्कीमना २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी सरळ बंदी आहे. आणि तुला त्याची गरजही नाही.

घडीमोड

मावशी, जुन्या साडीचा प्रश्न झकास आहे, मी चोरणार. फक्त एका वाक्यात सांगणारी बाई मला अजून भेटायचीये. आमच्या नाशकात एकेकीचं लग्न, मानपान, नणंदेने पळवलेला शालू असं करत दिवेलागणी होईल आणि साड्या तशाच राहतील. अबोली, असं करायचं असेल तर सगळ्यांना गोल बसवून नको, हातात साड्या असतानाच एकेकीला सहज विचार.

अबोली७९

किती छान लिहिताय सगळ्या, थँक्यू थँक्यू. मेसेज जवळजवळ तसाच टाकला, "चहा मात्र घ्यायलाच पाहिजे" सकट. पंधरा जणींचे अंगठे आलेत. सासूबाईंना हळदीकुंकू नाही हे सांगितलं, त्या थोड्या खट्टू झाल्या पण मग म्हणाल्या मी ओटीचा ब्लाउजपीस तरी देणार सगळ्यांना. देऊ देत.

अजून दोन शंका. एक म्हणजे घासाघीस. योगा क्लासमध्ये एक काकू आहेत त्या भाजीवाल्याला रडवतात. त्यांनी सगळ्यांसमोर अर्ध्या किमतीला मागितली तर काय बोलू? आणि दुसरं, बहुतेक जणी लेगिंग-कुर्त्यात येणार, मग साडी लावून बघणार कशी? पूर्ण नेसवत बसायचं का?

टीव्हीसमोरचा

या धाग्यावर पुरुषांनी लिहिलं तर चालतं का? बायको असाच सेल दर वर्षी ठेवते, माझा अनुभव कॅशियरचा आहे. म्हणजे मला आतल्या खोलीत बसवतात आणि हाक मारली की बाहेर यायचं.

आमच्याकडे रस जातो तो शेवटी, पैसे देताना. बाई साडी घेऊन उभी, हिचा फोन चार्जिंगला, क्यूआर कोड सापडत नाही, नेट चालत नाही, त्यात मागून दुसरी विचारते ही किती ची, आणि पाच मिनिटांत पहिलीचा विचार बदलतो. खरंच बदलतो, मी बघितलंय. म्हणून क्यूआर कोड मोठा छापून दाराजवळच्या टेबलावर उभा करून ठेवा, शेजारी बिलबुक, पिशव्या आणि एक माणूस. त्या माणसाने साड्यांबद्दल काही बोलायचं नाही. मी एकदा "ही जरा भडक नाही का" म्हणालो होतो, तेव्हापासून लेखी नियम आहे.

दुसरं, "बाजूला ठेव, नवऱ्याला विचारून सांगते" वाल्या साड्या. त्यांच्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि सांगायचं की रात्री नऊपर्यंत ठेवते, मग ढिगात जाईल. नाहीतर सगळ्यात चांगल्या दहा साड्या बाजूला पडून राहतात आणि उशिरा आलेल्यांना उरलेलं दिसतं. उधारी लिहून ठेवा, मैत्रीण असली तरी. मैत्रीण असली तर जास्तच.

जीएसटीचं कोणी घाबरवलं तर घाबरू नका, फक्त माल विकत असाल, तोही राज्यातल्या राज्यात, आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. तेवढी झाली तर आम्हाला पार्टी द्या.

एडिसनची_वहिनी

आम्ही न्यू जर्सीत दिवाळीच्या आधी बेसमेंटमध्ये करतो हे. भारतातून येताना दोघी-तिघी मिळून साड्या आणतो. इथे अडचणी जरा निराळ्या, तरी दोन गोष्टी तुलाही चालतील.

मुलांचं विचारलं होतंस. मुलांना वेगळ्या खोलीत कार्टून लावून बसवलं तर आई दर दहा मिनिटांनी उठून बघायला जाते. त्यापेक्षा एका कॉलेजच्या मुलीला थोडे पैसे देऊन वर ठेवतो, रंग, कागद, चिकटवायचं सामान. डोंबिवलीत सोसायटीतली एखादी ताई मिळेलच. आई सलग बसली तर तिसऱ्या साडीला रंगात येते, तोपर्यंत तिचं अर्धं लक्ष आवाजाकडे असतं.

दुसरं म्हणजे फॉल-पिको. इथे करून देणारं कोणी सहज मिळत नाही म्हणून आम्ही आधीच करून आणतो आणि तेवढ्यावर साडी विकली जाते. तुझ्याकडे टेलर हाकेच्या अंतरावर असेल तरी "फॉल-पिको करून मंगळवारी घरपोच" असं सांगून बघ, गौरीला नेसायची म्हणून घेणारीला घाई असतेच.

आणि व्हिडिओ कॉलला हसू नको. इथे निम्म्या बायका साडी खांद्यावर टाकून भारतातल्या बहिणीला फोन लावतात, बहीण तिकडून सांगते जांभळी नको गं तुझ्याकडे तीन आहेत. त्या बहिणीच्या हो-नाहीवर पूर्ण खोली बोलायला लागते. वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहून ठेव.

वेळ मात्र चार ते सात अशी मोकळीच ठेव. एकदम तीस जणी आल्या तर चपलांनाच जागा नाही, आणि एकेक करून आल्या तर पहिली एकटी बसून कंटाळते. आम्ही जवळच्या चार जणींना मुद्दाम लवकर यायला सांगतो. बाकीच्या येतात तेव्हा चादरीवर आधीच साड्या उलगडलेल्या आणि गलका चालू असतो, त्यामुळे दारातून आत येणारीला काहीतरी चाललंय असं वाटतं.

घडीमोड

वहिनींचं लवकर येणाऱ्या चौघींचं अगदी पटलं. त्या चौघींत एक उंच, एक बुटकी, एक सावळी, एक गोरी असं जमलं तर बघ, तीच साडी वेगळ्या अंगावर वेगळी दिसते आणि बायकांना तेवढा विषय पुरतो.

अबोली, नेसवत बसू नको. कुर्त्यावरच निऱ्या न घालता एक वेढा कमरेला आणि पदर खांद्यावर, दोन मिनिटांचं काम. पूर्ण उंचीचा आरसा मात्र हवाच, कपाटाच्या दारावरचा नको, लोक बेडरूममध्ये जायला लाजतात. नसेल तर एक दिवसासाठी माग कोणाकडून तरी. आणि तो खिडकीजवळ लाव. तुझ्या हॉलमध्ये ट्यूबलाइट असेल तर मोरपंखी आणि बाटली हिरवा सारखाच दिसतो, बाई घरी जाते, दुसऱ्या दिवशी उजेडात बघते आणि परत आणते. त्यात ऑगस्टचं आभाळ, सहानंतर काही दिसायचं नाही. म्हणून चारला सुरू केलंस ते बरं केलंस, काळोख व्हायच्या आत रंगाचे निर्णय होऊ देत.

साडी लावून बघणारीला आरशासमोर एकटी सोडू नको, पण तू काही बोलूही नको. बाकीच्या बोलतात. तू विकणारी आहेस, तू "छान दिसतेय" म्हणालीस तर त्याला किंमत नाही. तुझ्या नणंदेने म्हटलं तरी नाही. ऑफिसमधल्या अनोळखी बाईने म्हटलं की "हा रंग खुलतोय तुम्हाला", तर ती साडी गेलीच म्हणून समज. एखादी खरंच चांगली दिसत नसेल तर मात्र तू स्वतः सांग, की थांबा, याच्यापेक्षा राणी रंग बघा. एकदा सांगितलंस की त्यानंतर तुझं सगळं ऐकतात.

घड्यांचं टेन्शन घेऊ नको. उलगडलेल्या साड्यांचा ढीग झाला पाहिजे, घड्या घालायला लागलीस की बायका समजतात दुकान बंद होतंय. एक मुलगी मागच्या खोलीत घड्या घालायला ठेव.

खाण्याचं. आधी नको आणि मध्ये तर मुळीच नको. साड्यांजवळ तेल, चटणी, शेव काहीही नको, कांदाभजीचा मोह पावसात कितीही झाला तरी. पाणी आणि कोरडं काहीतरी, खोबऱ्याची वडी वगैरे, सुरुवातीला. बाकी चहा-खाणं स्वयंपाकघराच्या बाजूला, सहाच्या सुमारास, पैठण्या दाखवून झाल्यावर. खाताना घोळका तिकडे जातो आणि मग एकेकटी परत चादरीकडे येते, मघाशी मनात ठेवलेली साडी परत उचलते. निम्मी विक्री तेव्हा होते. त्या वेळी तू चहा वाटत बसू नको, चादरीपाशीच थांब. ओल्या छत्र्यांसाठी दाराबाहेर बादली आणि आत येताना हात पुसायला टॉवेल. पांढऱ्या माहेश्वरीवर पावसाच्या हाताचे डाग पडलेले मी बघितलेत.

आता त्या काकू. सगळ्यांसमोर कमी करायचं नाही, एकीला शंभर कमी केलेस की आधी घेतलेल्या पाच जणी तुझ्याकडे बघतात. हसून सांग, काकू यातल्या बऱ्याच दुसऱ्याच्या आहेत, जांगडवर आणल्यात, भाव माझ्या हातात नाही. खोटंही नाही. आणि दोन घेतल्या तर फॉल-पिको माझ्याकडून, हे सगळ्यांना सारखं. बरं, अशा काकूंशी वाकड्यात जाऊ नको, उलट त्यांनाच पहिली साडी हातात दे आणि विचार, तुम्हीच सांगा काकू ही कुठली असेल? भाव करणारी बाई माल ओळखणारी असते. त्या इरकलचा पदर बघून सांगतील की पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा घेऊन अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, खणाला गुळेदगुड्डचं नाव घेतील, आणि तुझं बोलायचं काम त्याच करतील. तुझा स्वभाव बडबडा नाही ना, मग बडबड्यांना कामाला लाव.

आधी_सांगा_ना

घडीमोड, तुमच्याकडे नाशकात सेल कधी असतो 😀

डबेवाली_मावशी

माहेश्वरीचं राहिलंच की. अबोली, तिच्या पदराला पाच पट्टे असतात आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटी नेसली तरी चालते. हे सांगितलंस की प्रत्येक जण उलटी करून बघतेच बघते. माझ्या एका मैत्रिणीने तेवढ्यावर दोन घेतल्या, म्हणाली एकीत दोन साड्या येतात. मी म्हटलं मग एकच घे की. ऐकेल तर शपथ.

अबोली७९

सगळं वहीत उतरवून घेतलंय. सोफा समोरच्या वहिनी ठेवून घेतायत, आरसा पार्लरवालीकडून मिळतोय, नवऱ्याला कॅशियरचा नियम वाचून दाखवला, तो म्हणतो लेखी दे. गाणी राहू देत का? हळू आवाजात?

घडीमोड

नको. पावसाचा आणि बायकांचा आवाज पुरे आहे.

गोग्रासवाडीकर_चिमणी

मीही डोंबिवलीचीच, आत्ता धागा वाचला. काळी चंद्रकळा किंवा काळ्या अंगाची लाल पदराची इरकल आहे का तुमच्याकडे? असेल तर पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, शनिवारी चारलाच येते. आई बरोबर असेल, तिला खुर्ची लागेल. घासाघीस करते ती, आधीच सांगून ठेवते.

अबोली७९

इरकल दोन आहेत तशा, चंद्रकळा नाही. व्यनि केलाय. आईंना नक्की आणा, खुर्ची खिडकीजवळची ठेवते.